पंधराव्या वर्षी आलेलं बळ

गजर बंद करायला हात उगारावा आणि घड्याळाचा चुरा व्हावा, टूथपेस्टची ट्यूब दाबावी तर आतली पेस्ट उडून आरशावर जावी, नळ सोडावा तर नळच उपटून हातात यावा. २०१२ साली आलेल्या 'द अमेझिंग स्पायडर-मॅन' या सिनेमातल्या पीटर पार्करला आपल्यात काय बदललंय ते असं, न्हाणीघरात एकटं उभं असताना कळतं. आदल्या रात्री तो भुयारी रेल्वेच्या डब्यात झोपलेला असतो. कुणीतरी चेष्टा म्हणून त्याच्या कपाळावर बाटली ठेवतं, थेंब पडतो आणि झोपेतून दचकलेला हा पोरगा थेट डब्याच्या छताला जाऊन चिकटतो. खाली उतरल्यावर माफी मागायला जातो तर शेजारच्या बाईच्या कपड्याला त्याचा हात चिकटून बसतो, सुटता सुटत नाही. डब्यात मारामारी सुरू होते. पीटर लोकांना लोळवत असतो आणि प्रत्येकाला 'सॉरी, सॉरी' म्हणत असतो.

मला हे दोन प्रसंग सगळ्या सुपरहिरो सिनेमांतल्या उत्तम प्रसंगांपैकी वाटतात. चौदा-पंधराव्या वर्षी अंग आपलं राहत नाही. आवाज घोगरा होतो, हात-पाय लांबतात, चहाचा कप उचलताना सांडतो, दार जरा लोटलं तर धाडकन आपटतं आणि घरातून ओरडा बसतो. मार्क वेब या दिग्दर्शकानं कोळ्याच्या चाव्याची गोष्ट या वयाच्या अंगातून सांगितली. त्याआधी त्यानं एक प्रेमकथा केली होती, मारधाडीचा सिनेमा त्याच्या नावावर नव्हता. ते या सिनेमाच्या पथ्यावर पडलं.

बदलापूरच्या शिरगावातल्या आठवी ते दहावीच्या मुलामुलींनी हा सिनेमा एकत्र पाहिला, त्यावर मनसोक्त वाद घातला, मग आपला 'फास्टर फेणे' पाहिला आणि शेवटी स्वतःच्या गोष्टी लिहिल्या. त्या गोष्टींचं हे पुस्तक आहे. त्यांना सांगितलं होतं एवढंच, की गोष्ट बदलापुरात घडली पाहिजे आणि ताकद आलेला मुलगा किंवा मुलगी तुमच्या वयाची पाहिजे. आत शिरण्याआधी हा गोष्टप्रकार कुठून आला, तो पुन्हा पुन्हा का सांगितला जातो आणि आपल्याकडे त्याचं काय झालं, हे सांगणं मला गरजेचं वाटतं. कारण या मुलांनी त्यात एक बदल केला आहे आणि तो त्यांच्याही लक्षात आलेला नाही.

स्पायडर-मॅन पहिल्यांदा छापला गेला तो १९६२ साली, 'अमेझिंग फँटसी' या मासिकाच्या पंधराव्या अंकात. लेखन स्टॅन ली यांचं, चित्रं स्टीव्ह डिट्को यांची. तोवर कॉमिकमधली शाळकरी पोरं बहुतेक वेळा मोठ्या हिरोच्या मागे साथीदार म्हणून पळायची. इथं शाळकरी पोरगाच नायक झाला. २००२ मध्ये सॅम रायमी यांनी टोबी मॅग्वायरला घेऊन तो पडद्यावर आणला. २००७ पर्यंत त्यांचे तीन सिनेमे झाले, चौथा २०१० च्या सुरुवातीला रद्द झाला आणि लगेच ठरलं, की गोष्ट पहिल्यापासून पुन्हा सांगायची. नवा पीटर अँड्र्यू गारफिल्ड. भारतात हा सिनेमा २९ जून २०१२ ला लागला, अमेरिकेच्या चार दिवस आधी. त्यात इरफान खानही होता, हे आपल्याकडे आवर्जून सांगितलं गेलं.

दहाच वर्षांनी तीच गोष्ट पुन्हा कशाला, असा सूर तेव्हा लागला होता. त्याचं व्यवहारी उत्तर सरळ आहे. स्पायडर-मॅनच्या सिनेमाचे हक्क सोनीकडे होते आणि ते टिकवायचे तर ठरावीक काळात नवा सिनेमा काढणं भाग होतं. पण तेवढ्यानं माझं समाधान होत नाही. दर चैत्री पौर्णिमेला पहाटे हनुमान जन्माचं कीर्तन होतं. सूर्याला फळ समजून झेपावलेला मारुती, ऋषींचा शाप, आपल्याच बळाचा पडलेला विसर आणि समुद्रकाठी जांबवंतानं करून दिलेली आठवण, हे सगळ्यांना पाठ असतं. तरी गेल्या वर्षीच ऐकलं होतं म्हणून कुणी उठून जात नाही. मंडपात दर वर्षी काही पोरं अशी असतात की त्या वर्षी त्यांना ते पहिल्यांदा कळतं. आणि जांबवंताकडे लक्ष द्या. मारुतीला त्याचं बळ सांगायला एक वडीलधारा माणूस शेजारी आहे. न्हाणीघरातला पीटर एकटा आहे. अमेरिकन गोष्टीत ताकद लपवावी लागते, ही तिची पहिली अट.

दुसरी अट पहिल्या चुकीची, आणि मुलांचे सगळ्यात जास्त वाद याच जागेवर झाले. ताकद आल्यावर पीटर ती आधी स्वतःसाठी वापरतो, मग एका चोराला अडवायचं सोडून देतो आणि तोच चोर त्याच्या काकांचा जीव घेतो. मूळ कॉमिकमध्ये आणि २००२ व २०१२ च्या सिनेमांत हा प्रसंग आहे, पण पीटरनं चोराला का जाऊ दिलं याचं कारण दर वेळी वेगळं आहे. मूळ कॉमिकमध्ये तो टीव्हीवर खेळ करून प्रसिद्ध झालेला असतो. पहारेकरी म्हणतो, तू त्याला धरू शकला असतास. हा म्हणतो, ते माझं काम नाही. तिथं निव्वळ मस्ती आहे. २००२ मध्ये तो कुस्तीच्या आखाड्यात उतरतो. तीन मिनिटं टिकला तर तीन हजार डॉलर ठरलेले असतात, हा दोन मिनिटांतच प्रतिस्पर्ध्याला लोळवतो आणि आयोजक शंभर टेकवून बोळवण करतो. त्याच आयोजकाचे पैसे घेऊन चोर पळतो तेव्हा पीटर बाजूला होतो. बघणाऱ्यालाही क्षणभर बरं वाटतं. आपली फसवणूक झाली, मग त्याची झाली तर आपण का धावावं?

२०१२ चा प्रसंग फार लहान आहे आणि म्हणूनच मला तो सगळ्यात खरा वाटतो. काकूला रात्री आणायला जायचं पीटर विसरतो. ती एकटी चालत स्टेशनापर्यंत येते. बेनकाका चिडतात, शब्दाला शब्द लागतो आणि पीटर दार आपटून बाहेर पडतो. कोपऱ्यावरच्या दुकानात चॉकलेट दुधाची बाटली घेतो तर दोन सेंट कमी पडतात. काउंटरवर वाटीत सुटी नाणी पडलेली असतात. त्यातली घेऊ का, विचारतो. दुकानदार नियम दाखवतो आणि बाजूला व्हायला सांगतो. मागचा माणूस गल्ल्यातले पैसे उचलून पळतो आणि जाता जाता ती दुधाची बाटली पीटरकडे फेकतो. दुकानदार मदतीला हाक मारतो. पीटर त्याचंच वाक्य त्याला परत करतो आणि चालू लागतो. थोड्याच वेळात, त्याला शोधत रस्त्यावर आलेले काका त्याच चोराच्या गोळीनं पडतात.

दोन सेंट! किराणा दुकानात सुट्या पैशांवरून झालेला एवढासा अपमान. आमच्या मुलांपैकी अनेकांनी निःसंकोच सांगितलं की त्यांनीही चोराला जाऊ दिलं असतं. एका मुलीनं विचारलं, "पण सर, तो काकूला आणायला गेला असता तर यातलं काहीच घडलं नसतं ना?" या सिनेमावर मी जे काही वाचलं आहे त्यात इतका नेमका प्रश्न मला आढळला नाही. पुढे सिनेमा हा धागा सोडून देतो, हा त्याचा मोठा दोष. मनगटावर चांदणी गोंदलेल्या खुन्याचा शोध अर्ध्यावर राहतो आणि गोष्ट पीटरच्या आईवडिलांच्या गुपितांत आणि सरडा झालेल्या शास्त्रज्ञात अडकते. पण मधे एक पूल आहे. पुलावरून लोंबकळणाऱ्या जळत्या गाडीत एक लहान मुलगा अडकलेला असतो. पीटर स्वतःचा मुखवटा काढून त्याला देतो, हा घाल, तुला बळ येईल म्हणतो आणि तो पोरगा स्वतःच वर चढत येतो. लपवाछपवीची अट पीटर तिथं मोडतो.

हाच नायक आपल्याकडे आणण्याचा प्रयत्नही झाला. २००४ मध्ये 'स्पायडर-मॅन इंडिया' हे चार अंकी कॉमिक निघालं. शरद देवराजन, सुरेश सीतारामन आणि चित्रकार जीवन कांग यांनी पीटर पार्करचा पवित्र प्रभाकर केला. शिष्यवृत्ती मिळवून मुंबईत शिकायला आलेला खेड्यातला मुलगा, भीमकाका आणि मायाकाकू, शाळेतली टिंगल, धोतरवजा पोशाख. ताकद देतो तो एक योगी. इथं मला अडतं. काकाच्या मृत्यूचा प्रसंग तिथं जबर आहे. गुंडांनी घेरलेल्या बाईला पवित्र मदत करत नाही, भीमकाका करतात आणि जीव गमावतात. मुंबईत राहणाऱ्याच्या काळजाला हे भिडतं. पण योगी आणि धोतर हे परदेशी वाचकासाठी लावलेलं तोरण वाटतं. गावाहून शिकायला आलेला मुलगा कुणाच्या घरात राहतो, पाण्याची वेळ काय, कुठल्या गाडीनं जातो, हे त्या पानांत असतं तर तो मुलगा आपला वाटला असता. २०२३ च्या 'अक्रॉस द स्पायडर-व्हर्स'मध्ये पवित्र पुन्हा आला, यावेळी बराच मोकळा आणि आत्मविश्वासानं भरलेला. तो सिनेमा भारतात दहा भाषांत लागला, त्यात मराठीही होती.

जागा बदलली की गोष्ट कशी बदलते ते पाहायचं तर मालेगावला जावं. नासिर शेख यांच्या 'मालेगाव का सुपरमॅन'मध्ये सुपरमॅन झाला होता शफीक शेख, यंत्रमागावर काम करणारा, काटकुळा माणूस. हिरव्या कापडासमोर आडवा करून त्याला उडवलं. त्याच्या सुपरमॅनला दम लागतो आणि त्याची लढाई तंबाखूशी आहे. हे सगळं चित्रीकरण फैझा अहमद खान यांच्या 'सुपरमेन ऑफ मालेगाव' या माहितीपटात आहे. शफीक तोंडाच्या कर्करोगानं गेला. कापसाच्या तंतूंनी छाती भरणाऱ्या गावानं आपला खलनायक बाहेरून आणला नाही.

मराठी मुलांकडे मात्र पवित्रच्या कितीतरी आधीपासून एक पोरगा होता. बनेश फेणे, गाव फुरसुंगी, शाळा पुण्याची विद्याभवन. भा. रा. भागवतांनी घडवलेल्या या किडकिडीत मुलाकडे कोळ्याचं विष नाही की योग्याचा वर नाही. त्याच्याकडे पळणारे पाय आहेत, टाळ्याला जीभ लावून काढलेला 'टॉक्' आहे आणि गप्प न बसवणारी चौकस बुद्धी आहे. मराठीत 'वेताळ' येत होता तेव्हाही पोरं फेणेच्या पुस्तकांसाठी वाचनालयात नंबर लावायची. १९८७ मध्ये दूरदर्शनवर सुमीत राघवन फेणे झाला, तेव्हा तो खरोखरच त्या वयाचा होता.

२०१७ च्या ऑक्टोबरात आदित्य सरपोतदार दिग्दर्शित 'फास्टर फेणे' आला. निर्माता रितेश देशमुख, पटकथा क्षितिज पटवर्धनची, बनेश झाला अमेय वाघ. गारफिल्ड पीटर झाला तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा होता, अमेय एकोणतीसचा. किशोरवयीन नायकाची भूमिका तरुण पुरुषानं करण्याची चाल दोन्हीकडे सारखीच. नवा बनेश वैद्यकीय प्रवेश परीक्षेला पुण्यात येतो. एका परीक्षार्थीचा मृत्यू होतो. सगळे त्याला आत्महत्या म्हणतात, याला ते पटत नाही. शोध घेता घेता तो परीक्षेच्या गैरव्यवहाराशी आणि गिरीश कुलकर्णींनी उभ्या केलेल्या अप्पाशी येऊन भिडतो. पुस्तकांतले चोर-दरोडेखोर काढून त्या जागी परीक्षेचा बाजार ठेवणं ही या नव्या मांडणीतली सगळ्यात चांगली गोष्ट. आज सोळा-सतरा वर्षांच्या मराठी मुलाला खरी भीती प्रवेश परीक्षेची आहे. दिलीप प्रभावळकरांनी त्यात खुद्द भागवतांची भूमिका केली, त्यामुळे नायकाशेजारी पुन्हा एक जांबवंत आला. शेवटाकडे सिनेमा पाठलागांत रमतो, तिथं तो नेहमीच्या वाटेनं जातो.

फेणे आणि पीटर यांच्यातला फरक आमच्या मुलांनी पटकन पकडला. फेणे कधी नाही म्हणत नाही. त्याला जबाबदारी शिकवायला कुणाला मरावं लागत नाही. अडचणीतला माणूस दिसला की त्याचे पाय आपोआप सुटतात. एक मुलगा म्हणाला, मग फेणेत मजा कमी, कारण तो कधी चुकतच नाही. दुसरा म्हणाला, मजा आहे, कारण त्याला मार लागतो. दोघांचंही मला पटलं आणि त्या दिवशी मी कुणाच्याच बाजूनं निकाल दिला नाही.

वादाला खरी धार आली ती वांगणीमुळे. वांगणी आमच्या पुढचं स्टेशन. १७ एप्रिल २०२१ च्या संध्याकाळी तिथल्या फलाटावरून एक लहान मुलगा रुळांवर पडला. त्याची आई दृष्टिहीन, ती फलाटावर चाचपडत राहिली आणि समोरून भरधाव गाडी येत होती. मयूर शेळके हा पॉइंट्समन रुळांमधून गाडीच्या दिशेनं धावला, मुलाला उचलून फलाटावर ठेवलं आणि स्वतः वर चढला, तोच गाडी गेली. स्टेशनावरच्या कॅमेऱ्यातलं ते चित्रण देशभर पाहिलं गेलं. धावताना आपल्याही जिवाला धोका आहे हा विचार मनात आला होता, असं त्यानं नंतर सांगितलं. रेल्वेनं दिलेल्या पन्नास हजारांतली अर्धी रक्कम त्यानं त्याच मुलासाठी दिली. आमच्या वर्गातल्या मुलांनी ते चित्रण मोबाइलवर पुन्हा पुन्हा थांबवून पाहिलं होतं. धावता धावता त्याचे पाय मंदावतात का, यावर तावातावानं बोलणी झाली. सिनेमातला चोर सोडून देण्याचा प्रसंग आणि हे चित्रण त्यांनी शेजारी शेजारी ठेवलं. ते मी सुचवलं नव्हतं.

तसाच त्यांच्या बोलण्यात २७ जुलै २०१९ आला. उल्हास नदीचं पाणी रुळांवर चढलं आणि बदलापूर-वांगणीच्या मधे महालक्ष्मी एक्सप्रेस हजारावर प्रवाशांसह अडकली. बोटींनी माणसं काढली गेली. तेव्हा ही मुलं लहान होती, पण घराघरांत ती गोष्ट सांगितली जाते. पश्चिमेला रमेशवाडी, हेंद्रेपाडा भागात ज्यांचे नातेवाईक राहतात त्यांना पावसाळ्यातल्या पाण्याची गोष्ट नवी नाही.

आता गोष्टींकडे. बदलापूर २००१ च्या जनगणनेत लाखाच्या आत होतं, २०११ मध्ये पावणेदोन लाखांच्या घरात गेलं आणि त्यानंतर शिरगावच्या बाजूला इमारती उठतच राहिल्या. यातली बहुतेक मुलं मुंबईतल्या चाळींतून किंवा गावाकडून आलेल्या घरांतली. आईबाप पहाटे गाडी पकडतात आणि रात्री येतात. म्हणून गोष्टींत लोकल येणारच. एका गोष्टीत नववीतल्या मुलाचे तळवे चिकटतात आणि ते त्याला कळतं लोकलच्या दांड्याला. अंबरनाथला उतरायचं असतं, हात सुटत नाही, मागचे लोक शिव्या घालत त्याच्या काखेखालून उतरतात. ताकदीचा पहिला उपयोग तो स्वतःसाठीच करतो. सकाळच्या गर्दीत दांड्याला चिकटून वडिलांसाठी जागा अडवतो. मग एक दिवस ज्या माणसाला त्यानं ढकललं, तो पुढच्या स्टेशनावर फलाटावर बसलेला दिसतो, पाय धरून. एवढंच. कुणी मरत नाही. पण पुढची पानं वाचताना त्या मुलाला झोप का लागत नाही हे आपल्याला कळतं.

दुसरी गोष्ट एका मुलीची. तिला पाणी ऐकू येतं. नळाला पाणी यायच्या आधी पाइपातलं, टाकीतलं आणि पावसाळ्यात नदीचं. सुरुवातीला सगळ्या मजल्यांवरच्या बायका तिच्यावर खूश असतात, कारण पाणी कधी सोडलं हे ती सगळ्यांच्या आधी सांगते. जुलैमध्ये ती रमेशवाडीतल्या मावशीला सामान वरच्या मजल्यावर हलवायला सांगते तेव्हा कुणी ऐकत नाही, कारण आकाश कोरडं असतं. ही गोष्ट लिहिणाऱ्या मुलीनं पुराचं वर्णन पाच ओळींत आटोपलं आहे आणि मावशीला समजावण्याचा फोन तीन पानं चालतो. तिनं ते बरोबर केलं.

ताकद येते कुठून, याची उत्तरंही वाचण्यासारखी आहेत. योगी एकाच्याही गोष्टीत नाही. दोघांनी एमआयडीसीच्या नाल्यातलं रंगीत पाणी घेतलं आहे. बाकीच्यांनी कारण दिलेलंच नाही. एकानं समासात लिहिलं होतं, 'आली.' ते मी तसंच छापलं आहे.

सुरुवातीला म्हटलेला बदल तो असा. या पुस्तकातल्या एकाही नायकाला आपली ताकद लपवता आलेली नाही. मुखवटा शिवलेला आहे, नाव घेतलेलं आहे, तरी दुसऱ्या-तिसऱ्या पानावर आईला कळतंच. कधी शेजारच्या काकूंना आधी कळतं आणि त्या येऊन सांगतात. वन रूम किचनमध्ये न्हाणीघराचा नळ तुटला तर बाहेर रांगेत उभा असलेला भाऊ विचारणारच. २०१२ च्या सिनेमात मे काकू पीटरला येताना अंडी आणायला सांगते आणि अखेरीस तो रक्तबंबाळ होऊन घरी येतो, तिच्या हातात अंडी ठेवतो. काकू काही विचारत नाही, फक्त त्याला जवळ घेते. आमच्या मुलांना तो प्रसंग आवडला, पण पटला नाही. त्यांच्या गोष्टींतल्या आया विचारतात. कुठं होतास, कुणी मारलं, डबा का उरला, क्लासला गेला होतास की नाही. आणि विचारून झाल्यावर बहुतेक जणी कामाला लावतात. चिकटणाऱ्या तळव्यांच्या मुलाला त्याची आई सांगते की उद्यापासून बाबांना जागा नको, साडेसातच्या गाडीला दारात उभा राहा आणि लटकणाऱ्यांना आत ओढ. गोष्टीचा उत्तरार्ध त्या दारातच घडतो.

क्रम लावताना मी सोप्यापासून अवघडाकडे गेलेलो नाही. मुलांनी वाचून दाखवल्या त्या ओघात गोष्टी ठेवल्या आहेत, कारण पुढच्यानं मागच्याचं ऐकून आपली गोष्ट बदलली, हे दिसावं अशी इच्छा होती. शुद्धलेखन तपासलं, वाक्यं हलवली नाहीत. शेवटची गोष्ट अपुरी आहे. लिहिणाऱ्या मुलाची दहावीची परीक्षा आली आणि त्यानं वही परत दिली ती नायक अजून इमारतीच्या गच्चीवर असताना. पुरी करून देतो म्हणाला आहे. दुसरी आवृत्ती निघाली तर ती पूर्ण छापू.